दुसरा खेळाडू

गुरुवारी सकाळी सव्वाआठला टीव्हीच्या पडद्यावर दुसरा माणूस उभा राहिला, तेव्हा खोलीत रुमाईसा आणि तिचे आजोबा गफूरभाई असे दोघंच होते. त्यातले गफूरभाई बाजूच्या भिंतीला टेकून खुर्चीत बसलेले, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर. म्हणजे कॅमेऱ्यासमोर एकटी रुमाईसा.

खेळ तसा साधा होता. टीव्हीखाली ठेवलेला वीतभर लांबीचा कॅमेरा समोरच्या माणसाचे हातपाय ओळखायचा आणि पडद्यावर त्याच्यासारखीच हलणारी बाहुली उभी करायचा. हातात काही धरायचं नाही, बटण दाबायचं नाही. वरून रंगीत फुगे येत. बाहुलीच्या हातानं ते फोडायचे, म्हणजे खरं तर आपलाच हात वर न्यायचा. नऊ वर्षांची रुमाईसा निळी बाहुली. त्या दिवशी तिच्या डाव्या अंगाला एक हिरवी बाहुली आली, तिच्यापेक्षा हातभर उंच. खाली इंग्रजी अक्षरं उमटली, प्लेअर टू. हिरवी बाहुली फुगे फोडत नव्हती. एक हात वर करून नुसती उभी होती.

“दादाजान, तुम्ही आलात का मधे?” रुमाईसानं मान न वळवता विचारलं.

“नाही बेटा. मी इथंच आहे.”

“मग हे कोण?”

रुमाईसाच्या पाठीमागं पावसासाठी पांढरं प्लॅस्टिक बांधलेलं घराचं मागचं जाळीचं दार होतं आणि कालपासून त्या दारातून सकाळचं ऊन थेट आत यायला लागलं होतं. गफूरभाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. उजेडाकडं पाहिलं की सगळं दुधाळ होऊन जायचं. तरी त्यांनी ओझरतं पाहिलं. रुमाईसाच्या मागची फरशी मोकळी होती. तिथं कुणी नव्हतं. पडद्यावर मात्र होतं.

अर्ध्या तासानं हिरवी बाहुली विरघळल्यासारखी गेली.

गफूरभाई भित्रे आहेत हे ते स्वतः कधीच नाकारत नसत. तळेगावातल्या एका वाचनालयात छत्तीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं, तिथं मोठ्यानं बोलावं लागत नाही हाच त्यांना त्या नोकरीतला सगळ्यात मोठा फायदा वाटे. रिक्षावाल्याला ‘इथं थांबवा’ म्हणायचा धीर न झाल्यामुळं पुढच्या चौकात उतरून ते कितीदा तरी मागं चालत आले होते. पण एवढ्या वर्षांत भुताखेतांना घाबरायची पाळी आली नव्हती. ज्या माणसानं इतकी पुस्तकं वाचली त्यानं असल्या गोष्टीला घाबरावं, याची त्यांना भीतीच्या जोडीला लाजही वाटली.

आणि घाबरून खेळ बंद करावा तर तेही शक्य नव्हतं. रुमाईसाचा डावा हात त्या खेळावर अवलंबून होता.

दोन महिन्यांपूर्वी ती बागेत सायकल शिकत होती. सीट धरून मागं पळायचं काम गफूरभाईंचं. ‘एवढं पान संपवतो’ म्हणून ते बाकावर बसले आणि पान संपलं तेव्हा पोरगी खाली पडलेली होती. कोपर मोडलं. प्लॅस्टर निघालं तरी हात सरळ होईना, वाकलेलाच राहिला. डॉक्टरांनी कोनमापकासारखी पट्टी लावून सांगितलं की सरळ व्हायला पन्नास अंश कमी पडतात. सोमवारी, पंधरा तारखेला, ते तीसच्या आत आले तर ठीक. नाहीतर भूल देऊन हात मोकळा करावा लागेल.

भूल हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. दीड वर्षापूर्वी गफूरभाईंचा मुलगा शादाब कंपनीतून परत येताना मोटारसायकलवरून घसरला. मांडीचं हाड. “तासाभरात येतो बाहेर,” असं सांगून हसत ऑपरेशनला आत गेला आणि बाहेर आणला तो चादरीत गुंडाळून. त्याची बायको शहिस्ता आता त्याच कंपनीत पॅकिंगला जायची, नवलाख उंबऱ्याला. डॉक्टरांनी रुमाईसाच्या ऑपरेशनचं काढलं तेव्हा ती खुर्चीचा हात धरून बसून राहिली.

साध्या व्यायामाला रुमाईसा रडायची, हात लावू द्यायची नाही. तेव्हा गफूरभाईंच्या पुतण्यानं, अजीमनं, कुणा सोसायटीतल्या इंजिनिअरकडून हा जुना खेळ आणून दिला. पोरीला दुखतंय हे फुगे फोडताना विसरायला व्हायचं. शहिस्ता पहाटे साडेसहाच्या बसनं जायची, रुमाईसाची शाळा दुपारची. म्हणून सकाळचा व्यायाम गफूरभाईंच्या गळ्यात. त्यांनी तो मुकाट्यानं घेतला, कारण बागेतलं ते पान त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

शुक्रवारी सव्वाआठला हिरवी बाहुली पुन्हा आली.

या वेळी रुमाईसानं काही विचारलं नाही. ती हळू आवाजात म्हणाली, “अस्सलामु अलैकुम, अब्बू.”

गफूरभाई खुर्चीत ताठ बसले.

“रुमाईसा, काय बोलतेस तू?”

“हळू बोला. अब्बू आहेत. उंची बघा ना. असाच हात वर करायचे ते, मॅच जिंकल्यावर.”

“मागं बघ बरं. मागं कुणी नाहीये.”

“मागं नाही बघायचं. वळलं की कॅमेऱ्याला मी दिसत नाही, खेळ थांबतो. मग ते पण जातील.” आणि तिनं डावा हात उचलला, हिरव्या बाहुलीच्या उंच हाताकडं. कालपर्यंत जिथं ती कळवळून थांबायची त्याच्या पुढं गेली. कपाळावर घाम आला, ओठ दातांत धरला, पण हात खाली घेतला नाही.

गफूरभाईंनी मनातल्या मनात कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला घेतली. लहानपणापासून पाठ असलेली, पण मधेच अडकले. पुन्हा सुरुवातीपासून म्हटली, पुन्हा तिथंच अडकले.

त्या दुपारी त्यांनी अजीमला फोन लावला. पुतण्यालाही काही विचारायचं म्हणजे त्यांना चार वाक्यं आधी जुळवावी लागत.

“अजीम, हा कॅमेरा, समज, खोलीत नसलेलं माणूस दाखवतो का?”

अजीम हसला. “काका, जुना माल आहे. खुंटीवरचा रेनकोट बघून पण माणूस समजतो. माझ्या मित्राकडं पंख्याला समजला होता. खोली मोकळी करा, जाईल.”

तेवढ्यानं गफूरभाईंना जिवात जीव आल्यासारखं झालं. त्यांनी खुंटीवरची छत्री काढली, शहिस्ताचा रेनकोट काढला, आपला काळा कोट काढला. मागची दुसरी खुर्ची उचलून आत नेली. चटईची गुंडाळी उभी होती ती आडवी केली. त्या खोलीत ते आणि त्यांची बायको खतीजा नमाज पढत, त्यामुळं भिंतीवर फोटो किंवा चित्राचं कॅलेंडर असण्याचा प्रश्न नव्हता. नमाजच्या वेळी टीव्हीवरसुद्धा खतीजा भरतकामाचं कापड टाकायची.

शनिवारी त्या रिकाम्या खोलीत सव्वाआठला तो पुन्हा उभा होता. हात वर करून.

आता गफूरभाईंकडं दुसरं काही कारण उरलं नाही. रात्री जेवण जाईना. खतीजानं विचारलं, “तब्येत बरी नाही का?” तर “पित्त झालंय” म्हणाले. सांगावं तर ती आणि शहिस्ता तो खेळ त्याच क्षणी घराबाहेर काढतील, ताईत आणतील आणि हात तसाच राहील. न सांगावं तर रोज सकाळी पोरगी एका मेलेल्या माणसाला सलाम करणार आणि आपण खुर्चीत बसून बघणार. आपला शादाब असला तर भिऊ कशाला, असंही एकदा त्यांच्या मनात आलं. पण मन मानत नव्हतं. जिवंतपणी ज्या मुलाशी आपण धड चार शब्द बोललो नाही, तो आता कशासाठी आला असेल, हाच विचार त्यांना सगळ्यात जास्त भिववायचा.

रविवारी सुट्टीची शहिस्ता आत झोपलेली असताना पोरीचा हात आणखी वर गेला. रुमाईसा खुशीत होती.

त्या सोमवारी, आठ तारखेला, बाहेर वारा सुटला होता. हिरवी बाहुली आली, पण स्थिर राहिना. तिचे खांदे हलले, छाती पुढं आल्यासारखी झाली. मग ती वाकली. वर धरलेला हात झोका खाऊन खाली आला आणि निळ्या बाहुलीच्या डोक्यावर टेकला. मानेवर घसरला. तिथंच राहिला.

“दादाजान, बघा, अब्बू हात फिरवतायत,” रुमाईसा म्हणाली.

गफूरभाई कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी भिंतीतली पिन ओढून काढली. पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत त्यांना आपलाच चेहरा दिसला आणि त्यांनी भरतकामाचं कापड त्यावर ओढलं.

रुमाईसा रडली, पाय आपटले, मग बोलायची बंद झाली. मंगळवारी खेळ लागला नाही. बुधवारीही नाही. साधा व्यायाम करू म्हटलं तर ती हात पोटाशी धरून बसायची.

बुधवारी संध्याकाळी शहिस्ता घरी आली, चपला काढता काढता तिनं लेकीचा हात धरून सरळ करून पाहिला आणि तिथंच थांबली.

“अब्बाजी, व्यायाम झाला नाही का?”

“मशीन बिघडलंय,” गफूरभाई म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यानं ते नको तितक्या मोठ्यानं बोलले.

शहिस्तानं कापड काढलं, पिन लावली, बटण दाबलं. खेळाचं संगीत वाजायला लागलं. तिनं ते बंद केलं.

“चालतंय की.”

“अम्मी, मशीन चांगलं आहे,” रुमाईसा म्हणाली. “दादाजानना भीती वाटते.”

“कशाची?”

रुमाईसानं आजोबांकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. गुपित तिनं राखलं होतं, आणि त्याचंच गफूरभाईंना जास्त वाईट वाटलं.

शहिस्ता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “मी साडेसहाची बस पकडते ती तुमच्या भरवशावर,” ती म्हणाली. “जमत नसेल तर तसं सांगा. मी रजा टाकते, कामावरून काढलं तरी चालेल. पण पोरगी आत जाता कामा नये, अब्बाजी. मी पुन्हा त्या दाराबाहेर बसू शकत नाही.”

“उद्यापासून लावतो,” गफूरभाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, रुमाईसा अजून अंथरुणात होती आणि गफूरभाई टीव्हीसमोर उभं राहून धीर गोळा करत होते, तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. कोंडाजी होता. नवलाख उंबऱ्याचा शेतकरी, सात-आठ वर्षं त्यांच्याकडं दूध घालायचा. एरवी तो मागं येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून खतीजाच्या पातेल्यात दूध ओतून जाई.

“आज पुढनं कसे, कोंडाजीभाऊ?”

“मागं त्या बिल्डरनं खडी वतलीया. गाडी जाईना.” कोंडाजीनं कॅन खाली ठेवला. “आठ दिस मजा झालती. जांभळ पाडल्यापासनं मागली वाट कशी मोकळी झालती. आता ती बी गेली.” तो जायला वळला, पुन्हा थांबला. “गफूरभाय, येक इचारू का? राग न्हाई ना धरनार?”

“विचारा की.”

“मागल्या दाराला शादाबचा फ्लेक्स लावलायसा. मला लय बरं वाटतं, खोटं न्हाई सांगत. रोज दूध घालाया आलो की त्यो हात वर करून हुबा. मीबी हात करतो. पर आता तितं बांधकामावरची मानसं येनार. पान खात्यात, थुकत्यात. तवा म्हनलं, सांगावं.”

“कुठला फ्लेक्स?” गफूरभाईंनी विचारलं.

“आता घ्या. आमच्या पप्पूनं न्हाई का छापलेला? गावाच्या टीमकडनं खेळायचा न्हवं शादाब. त्यो गेला तवा पोरांनी फाट्यावर लावलेला म्हैनाभर. कप जिकल्याचा फोटू.”

गफूरभाई चपला न घालताच निघाले. घराला वळसा घालून, खडीच्या ढिगाऱ्यावरून तोल सावरत मागं गेले. पावसाळ्यापासून त्या बाजूला ते फिरकलेच नव्हते.

मागच्या जाळीच्या दाराला, वरपासून खालपर्यंत, शादाब उभा होता.

डोक्यावर मोठ्या अक्षरांत भावपूर्ण श्रद्धांजली. खाली मित्रमंडळाची नावं. मधे पुरुषभर उंचीचा शादाब, एका हातात बॅट, दुसरा हात पंजा उघडून वर. हसत होता. पावसानं रंग जरा उतरला होता. खालच्या दोऱ्या सुटल्या होत्या आणि वाऱ्यानं फ्लेक्स आत फुगत, बाहेर येत होता. समोर, जिथं जांभळाचं झाड होतं, तिथं आता नुसता बुंधा. त्यावरून सूर्य सरळ शादाबच्या छातीवर आला होता.

गफूरभाई घाईघाईनं आत आले आणि हाताचा आडोसा डोळ्यांवर धरून, पहिल्यांदाच नीट, मागच्या दाराकडं पाहिलं. दिवसभर कोरा पांढरा दिसणारा फ्लेक्स आता उन्हानं उजळला होता आणि त्या पांढऱ्यात रंगांची एक पुसट आकृती उभी होती. हात वर केलेली.

दाराला फ्लेक्स आहे हे त्यांना ठाऊक होतं. कुणाच्या तरी वाढदिवसाचा असेल असं समजून ते गप्प बसले होते.

खतीजा स्वयंपाकघरात दूध तापवत होती. त्यांनी विचारलं तेव्हा तिनं गॅस बारीक केला, पण वळली नाही.

“जाळीतनं पावसाचं पाणी यायचं,” ती म्हणाली. “ट्रंकेत घडी करून ठेवला होता. फेकवेना. कचऱ्यात कसा टाकू, पोराचं तोंड आहे त्यावर. आणि नमाजच्या खोलीत तस्वीर कशी ठेवू? म्हणून तोंड बाहेर करून बांधला.”

“मला सांगायचं तरी.”

“तुम्हाला काय सांगू. त्याचं नाव काढलं की तुम्ही पुस्तकात तोंड घालता.”

मग गफूरभाईंनी सगळं सांगितलं, हिरव्या बाहुलीपासून पिन ओढण्यापर्यंत. भीती जायला हवी होती, पण तिनं नुसती जागा बदलली. आता पोरीला काय सांगायचं?

खतीजानं पदरानं डोळे पुसले आणि व्यवहाराचं बोलली. “त्यामुळं तिचा हात वर जातोय ना? मग जाऊ दे. तुमचं खरं-खोटं सोमवारनंतर बघा.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तीन-चार दिवस तर राहिले होते. गफूरभाईंनी मान डोलावली. त्या दिवशी खेळ लागेपर्यंत ऊन सरकलं होतं, हिरवी बाहुली आली नाही आणि रुमाईसानं तीन फुगे फोडून हात खाली टाकला.

शुक्रवारी त्यांनी सव्वाआठ साधले. दुसरा खेळाडू आला. आता तो काय आहे हे माहीत असूनही गफूरभाईंनी खुर्ची भिंतीशी आणखी सरकवली.

रुमाईसानं सलाम केला. आजोबांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं ती कुजबुजली, पण वाचनालयात आयुष्य काढलेल्या माणसाचे कान कुजबुजीलाच सरावलेले.

“अब्बू, सोमवारी मला आत नेलं तर तुम्ही तिथंच थांबा. मी येते. तुम्हाला रस्ता माहितीये ना आतला.”

आणि तिनं डावा हात उचललाच नाही. उजव्या हातानं फुगे फोडत राहिली.

गफूरभाईंना आधी अर्थ लागला नाही. लागला तेव्हा खुर्चीसकट खाली जातोय असं वाटलं. पोरगी आत जायला घाबरत नव्हती. पोरगी आत जायची वाट बघत होती. अब्बू जिथं गेले ते दार तिच्यासाठी उघडायचं तर हात वाकडा राहायला हवा, एवढा हिशेब बुधवारी अम्मीचं बोलणं ऐकून नऊ वर्षांच्या डोक्याला सहज जमला होता.

आठ दिवस ते त्या बाहुलीला भीत होते. भ्यायचं होतं ते याला.

ते उठले, कॅमेरा आणि रुमाईसा यांच्या मधे येऊन उभे राहिले. खेळ थांबला.

“चल. चपला घाल. मागं जाऊ.”

“का?”

“दाखवायचंय काहीतरी.” “मी चुकतही असेन. पण चल.”

खडीवरून त्यांनी तिला उजव्या हाताला धरून नेलं. मागं पोचल्यावर त्यांनी हात सोडला. रुमाईसा फ्लेक्ससमोर उभी राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीत खतीजा दिसली. तिच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं होतं.

“हा तर बोर्ड आहे,” रुमाईसा म्हणाली.

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“काल कळलं. दादीनं लावला, पाऊस येत होता म्हणून. झाड गेल्यापासून ऊन येतं त्यातून. कॅमेऱ्याला वाटतं माणूस आहे.”

“त्याला एवढं पण कळत नाही?”

“मलाही कळलं नव्हतं, बेटा.”

वाऱ्यानं फ्लेक्स फुगला आणि बसला.

“मग आत गेलं तर अब्बू नसणार?”

गफूरभाईंना वाटलं, अजूनही काहीतरी गोड बोलून निभावता येईल. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. गोड बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं.

“नसणार,” ते म्हणाले. “आत डॉक्टर असतील, सिस्टर असतील. अब्बू नाहीत. अब्बू कब्रस्तानात आहेत. आपण ईदला जातो तिथं.”

“तुम्ही याल आत?”

“मला येऊ देणार नाहीत. अम्मीलाही नाही.”

रुमाईसानं डावा हात उजव्या हातात घट्ट धरला. आतापर्यंत तिच्या चेहऱ्यावर जे नव्हतं ते आलं, आणि गफूरभाईंनी ते ओळखलं, कारण आरशात ते रोज बघत. आपली भीती त्यांनी तिला दिली होती. हे बरं केलं की वाईट, त्यांना कळेना.

“मला नाही जायचं आत,” ती म्हणाली.

“मग हात सरळ व्हायला पाहिजे.”

दाराला एक पायरी होती. रुमाईसा पायरीवर चढली आणि डावा हात वर नेला, शादाबच्या उघड्या पंजाकडं. चार बोटं कमी पडली. कोपर कुलूप लावल्यासारखं अडलं. तिनं टाचा उचलल्या. “आई गं,” म्हणाली, पण हात खाली घेतला नाही.

गफूरभाई पुढं झाले. “धरू का?”

“धरू नका. मोजा.”

फिजिओथेरपीच्या बाईंनी दहापर्यंत मोजायला शिकवलं होतं. गफूरभाई मोजायला लागले. चारला त्यांचा आवाज बसला. कुठंतरी हाड कट्कन वाजेल, या भीतीनं पुढचे आकडे येईनात. खिडकीतून खतीजानं पाच म्हटलं. सहा म्हटलं. दहाला रुमाईसानं हात सोडला आणि पायरीवर बसून रडली. मग नाक पुसून पुन्हा उभी राहिली.

त्या दिवशी तिनं हे नऊ वेळा केलं. शनिवारी चौदा वेळा, रविवारी अम्मी घरी होती म्हणून किती वेळा ते कुणी मोजलं नाही. रविवारी संध्याकाळी मधल्या बोटाचं टोक फ्लेक्सवरच्या तळव्याच्या कडेला लागलं. शहिस्ता तिथंच खडीवर बसली. फ्लेक्सकडं तिनं एकदाच पाहिलं आणि मग फक्त लेकीच्या कोपराकडं पाहत राहिली. “अब्बाजी,” एवढंच म्हणाली.

सोमवारी दवाखान्यात गर्दी होती. ऑपरेशनच्या त्या दारासमोरून जाताना शहिस्ता भिंतीच्या बाजूनं चालली. डॉक्टरांनी रुमाईसाला खुर्चीवर बसवलं, पट्टी हातात घेतली आणि म्हणाले, “हात वर कर. जितका सरळ होईल तितका.”

रुमाईसाचा हात उठला आणि मधेच थांबला. पांढरा कोट, स्पिरिटचा वास, पलीकडं चाकांच्या खाटेचा आवाज. घरी जेवढा जायचा त्याच्या निम्माही जाईना.

“एवढाच?” डॉक्टरांनी पट्टी लावायला घेतली.

“थांबा,” गफूरभाई म्हणाले.

खोलीतल्या सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. दोन सिस्टर, दारातून डोकावणारे पेशंट. गफूरभाईंना कानापर्यंत गरम झालं. आता माघार घ्यावी, ‘काही नाही’ म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. मग ते रुमाईसाच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि त्यांनी आपला हात, पंजा उघडून, तिच्या डोक्याच्या वर धरला. सदऱ्याची बाही घसरून खाली आली.

“इथं,” ते म्हणाले. “मी मोजतो.”

रुमाईसानं त्या हाताकडं पाहिलं. ओठ दातांत धरला.

“एक,” गफूरभाई म्हणाले. “दोन.”

सहाला तिचं बोट त्यांच्या मनगटाला लागलं. आठला तळव्याला. डॉक्टरांनी तेवढ्यात पट्टी लावली, वाकून पाहिली, पुन्हा लावून पाहिली. शहिस्तानं डोळे मिटले होते.

“अठ्ठावीस,” डॉक्टर म्हणाले. “ऑपरेशन नको. व्यायाम असाच चालू ठेवा, महिन्यानं दाखवा.” ते लिहायला बसले. दोन ओळी लिहून त्यांनी मान वर केली.

“आजोबा, झालं. तुमचा हात खाली घेतलात तरी चालेल.”